रुग्णालयातले सोवळे

१९८१ साली ‘जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक लहानसा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक दोघे, कॅरोलाइन ब्रीझ हॉल आणि गॉर्डन डग्लस. गाव न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर. प्रयोगाची मांडणी इतकी घरगुती होती की आज ती वाचताना हसू येते. रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजे आर.एस.व्ही., या विषाणूने आजारी पडलेली तान्ही मुले रुग्णालयात होती. एकतीस प्रौढ स्वयंसेवकांचे तीन गट केले. पहिल्या गटाने आजारी बाळाला दोन ते चार तास सांभाळायचे. त्याला दूध पाजायचे, लंगोट बदलायचा, खेळवायचे, कुशीत घ्यायचे. दुसऱ्या गटाने बाळाला पाहायचेसुद्धा नाही. बाळाला खोलीबाहेर नेल्यावर आत जायचे, त्याच्या खाटेच्या कठड्याला आणि आसपासच्या वस्तूंना हात लावायचा आणि मग तोच हात आपल्या नाकाडोळ्यांना चोळायचा. तिसऱ्या गटाने बाळाच्या खाटेपासून सहा फुटांहून अधिक अंतरावर तीन तास नुसते बसायचे. संशोधकांनी या गटांना इंग्रजीत जी नावे दिली ती शास्त्रीय परिभाषेत मुळीच शोभणारी नव्हती. मराठीत त्यांना कुरवाळणारे, हात लावणारे आणि बसणारे म्हणता येईल.

सात कुरवाळणाऱ्यांपैकी पाच जणांना लागण झाली. दहा हात लावणाऱ्यांपैकी चौघांना झाली. चौदा बसणाऱ्यांपैकी एकालाही झाली नाही.

यातले पहिले उत्तर कोणत्याही आजीने प्रयोगावाचून दिले असते. डोळे उघडणारे आहे ते दुसरे. ज्यांनी बाळाला पाहिलेही नव्हते, त्यांना बाळाचा आजार त्याच्या खाटेच्या कठड्यावरून मिळाला होता. हॉल यांच्याच गटाने आदल्या वर्षी दाखवून दिले होते की बाळाच्या नाकातला स्राव टेबलावर पडला तर त्यातला विषाणू सहा तासांपर्यंत सापडतो, कापडी झग्यावर अर्धा-पाऊण तास आणि माणसाच्या कातडीवर वीस मिनिटांपर्यंत. वीस मिनिटे म्हणजे फार नव्हे. पण एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत जायला परिचारिकेला अर्धे मिनिटही लागत नाही.

हा प्रश्न १९८१ साली विचारावा लागला, कारण त्याआधीची शंभर वर्षे रुग्णालयाने अपुऱ्या दिवसांच्या बाळाभोवती एक कडक सोवळे उभारले होते आणि त्या सोवळ्यात ओवळे कोण हे चुकीचे ठरवले होते.

सुरुवात पॅरिसमध्ये झाली. तिथल्या मॅटर्निटी रुग्णालयातील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८७८ साली प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले आणि तशीच ऊबदार पेटी माणसाच्या बाळांसाठी करवून घेतली. १८८० पासून ती वापरात आली. दोन किलोंहून कमी वजनाच्या बालकांचे मृत्युप्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याची नोंद आहे. या यशाचे कौतुक सर्वांनी केले आहे. त्याच्या एका आनुषंगिक परिणामाकडे मात्र कमी लक्ष जाते. पूर्वी अशी बाळे आपापल्या घरी, आपापल्या आईजवळ, एकेकटी मरत होती. पेटीने त्यांना एका छताखाली आणले. पहिल्या पेट्या तर इतक्या मोठ्या होत्या की एकीत एकाहून अधिक बाळे ठेवीत. जगातली सर्वांत दुबळी माणसे एकत्र गोळा करायची आणि त्यांची देखभाल मोजक्या हातांवर सोपवायची, ही व्यवस्था तिथे जन्माला आली. मॅटर्निटीची मुख्य सुईण मादाम आन्री यांच्या देखरेखीखाली १८९३ साली दुबळ्या अर्भकांसाठी स्वतंत्र दालनही उघडले गेले.

हातांचा धोका तोवर अज्ञात होता असे नाही. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली शवविच्छेदनाहून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले होते, आणि त्याचा परिणाम आकड्यांत दिसला होता. पण ती गोष्ट बाळंतिणींची होती. शिवाय डॉक्टरला ‘तुझा हात मळका आहे’ म्हणणे आणि ते त्याला पटणे या दोन घटनांमध्ये वैद्यकाच्या इतिहासात नेहमीच दीर्घ काळ जातो.

तार्निएंचे शिष्य पिएर ब्युदँ यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो. आजारी अर्भके निरोगी अर्भकांपासून वेगळी ठेवावीत असा त्यांचा आग्रह होता. त्याच वेळी त्यांनी दुसरीही एक गोष्ट ओळखली होती. ज्या आईला बाळाला पाजता येत नाही, जवळ घेता येत नाही, तिचा जीव त्या बाळावरून हळूहळू उडतो, आणि बाळ घरी गेल्यावरही तिथेच दगावते. म्हणून आयांनी यावे, अंगावर पाजावे, असे ते सांगत राहिले. १९०० साली त्यांची व्याख्याने पुस्तकरूपाने आली. पेटी जगभर गेली. ब्युदँ यांचे आईविषयीचे म्हणणे मागे राहिले.

मध्यंतरी या पेट्यांचा तमाशाही झाला. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने १९०३ पासून १९४३ पर्यंत न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणी पेटीतली जिवंत बाळे तिकीट लावून दाखवली आणि त्याच पैशांवर त्यांना जगवले. (हा कूनी खरोखर डॉक्टर होता की नाही, याबद्दल आज इतिहासकारांना दाट शंका आहे, बाळे मात्र खरोखरच जगली.) शिकागोत ज्युलियस हेस आणि त्यांच्या मुख्य परिचारिका एव्हलिन लुंडीन यांनी याच पद्धतीला रुग्णालयात शास्त्रीय शिस्त दिली. १९२२ साली हेस यांचे पाठ्यपुस्तक आले. बाळाला कमीत कमी हाताळावे, बाहेरच्या माणसाला आत घेऊ नये, परिचारिका खास शिकवलेली असावी. या नियमांनी पुष्कळ जीव वाचवले हे कबूल केलेच पाहिजे. परंतु ‘बाहेरच्या माणसां’च्या यादीत पहिले नाव आईचे होते. पुढे अमेरिकेत आणि तिचे पाहून इतरत्र हा दंडकच झाला. आईने काचेपलीकडे उभे राहायचे आणि पांढऱ्या टोपीतल्या बाईने दुपट्यात गुंडाळलेले मूल उचलून दाखवायचे. आपल्याकडच्या प्रसूतिगृहांतली ती काच माझ्या पिढीच्या पुष्कळांना आठवत असेल.

आपल्या जुन्या घरांत बाळंतीण दहा दिवस ओवळी मानत. तिने कशाला शिवायचे नाही, तिला कोणी शिवायचे नाही; पण बाळ तिच्याच कुशीत असे. रुग्णालयातले सोवळे त्याहून पुढे गेले. त्यात आईला बाळच शिवायचे नव्हते. आणि सोवळ्यातली मानलेली परिचारिका मात्र एकामागून एक दहा बाळांना हात लावीत होती.

या व्यवस्थेला पहिला मोठा हादरा १९५०च्या दशकात बसला, तो विषाणूने नव्हे, जिवाणूने. पेनिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस नवजात कक्षांतून फिरू लागला. तो हवेतून येतो, धुळीतून येतो, पांघरुणांतून येतो अशा नाना शंका होत्या. क्लीव्हलंडमध्ये एडवर्ड मॉर्टिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा उपाय केला. जिवाणू अंगावर बाळगणाऱ्या बाळाला हाताळून परिचारिकांनी काही बाळांना न धुतलेल्या हातांनी घ्यायचे आणि काहींना धुतलेल्या. १९६२ साली आलेले उत्तर असे होते की नुसत्या हवेतून फार थोड्या बाळांना जिवाणू मिळतो, हातांतून पुष्कळांना, आणि हात धुतले की ते प्रमाण घटते.

पण हात धुणे हा उपाय रुग्णालयांना नेहमीच फार साधा वाटत आला आहे. त्या काळात अधिक आकर्षक उपाय उपलब्ध होता, तो म्हणजे बाळालाच हेक्साक्लोरोफीन या जंतुनाशकाने न्हाऊ घालणे. कित्येक वर्षे लक्षावधी नवजातांना ते लावले गेले. ते कातडीतून आत शोषले जाते आणि मेंदूला इजा करू शकते, अपुऱ्या दिवसांच्या पातळ कातडीतून तर अधिकच, हे ध्यानात आल्यावर १९७१च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या स्नानाविरुद्ध इशारा दिला. मळ हातांवर होता आणि घासले गेले बाळ.

आर.एस.व्ही. रंगमंचावर आला तो या पार्श्वभूमीवर. १९५६ साली तो प्रथम सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, म्हणून आरंभी त्याचे नावही चिंपांझींच्या पडशावरून ठेवले होते. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना तो बाल्टिमोरच्या आजारी अर्भकांत आढळला आणि मग चिंपांझी बिचारे निर्दोष ठरले. तो माणसाचाच विषाणू होता. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल एकदा तरी त्याच्या तडाख्यातून जाते. मोठ्या माणसाला तो पुन्हापुन्हा होतो आणि दर वेळी साध्या पडशासारखा वाटतो. यातच त्याचे सगळे कारस्थान आहे. ज्याला नुसते पडसे झाले आहे तो रजा घेत नाही, कामावर येतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची गोष्ट निराळी. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. जे मूल सातव्या महिन्यात जन्मले त्याला ही शिदोरी पुरती मिळालेलीच नसते. त्याच्या श्वासनलिकांची टोके इतकी अरुंद असतात की किंचित सूज आली तरी वाट बंद होते. आणि अशा बाळाला पुष्कळदा खोकला येत नाही, तापही येत नाही. ते दूध नीट घेत नाही, निपचित पडते, किंवा त्याचा श्वास मध्येच थांबतो. हे पाहून विषाणू कोणाच्या मनात येणार?

हॉल यांनी तो मनात आणला. १९७५ साली त्यांच्या गटाने ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवले की साथीच्या दिवसांत भलत्याच कारणासाठी रुग्णालयात असलेल्या ४४ अर्भकांपैकी १४ जणांना आर.एस.व्ही. रुग्णालयातच लागला, आणि २४ कर्मचाऱ्यांपैकी १० जणांना. १९७९ साली त्याच नियतकालिकात नवजात कक्षाचा हिशेब आला. सहा किंवा अधिक दिवस राहिलेल्या ६६ नवजातांपैकी २३ जणांना लागण झाली होती. चार दगावले. कक्षातील ५३ कर्मचाऱ्यांपैकी १८ जणांनाही तो झाला होता. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. बाळ पेटीत झोपलेले आहे, ते उठून दुसऱ्या पेटीकडे जात नाही. चालतात ती मोठी माणसे.

१९८१चा तो कुरवाळणाऱ्यांचा आणि बसणाऱ्यांचा प्रयोग या हिशेबातून निघाला. त्याच सुमारास हॉल आणि डग्लस यांनी असेही तपासले की हात धुण्याच्या जोडीला झगे आणि मुखपट्ट्या घातल्याने रुग्णालयातली लागण आणखी कमी होते का. त्यांना तसा फरक आढळला नाही. पुढे, १९८६ साली, त्यांच्याच गटाने कर्मचाऱ्यांना डोळे आणि नाक दोन्ही झाकणारे चष्मे घालायला दिले. लागण झपाट्याने उतरली, कर्मचाऱ्यांतलीही आणि बाळांतलीही. चष्म्यामुळे नकळत नाकाडोळ्यांकडे जाणारा हात वाटेतच अडत होता. माणूस दिवसातून किती वेळा आपल्या तोंडाला हात लावतो याचे त्याला स्वतःला कधीच भान नसते. वाचकांनी हा परिच्छेद वाचताना आपला हात कोठे आहे ते पाहावे.

रॉचेस्टरचे निष्कर्ष अंतिम मानावेत असे मी म्हणत नाही. चौदा माणसे तीन तास बसली, एवढ्यावरून हवा निर्दोष ठरत नाही. २०१६ साली इंग्लंडमधील संशोधकांना आजारी अर्भकांच्या भोवतालच्या हवेतील सूक्ष्म तुषारांतही जिवंत आर.एस.व्ही. सापडला. पण हातांवरचा आरोप त्यामुळे सौम्य होत नाही.

याचा पुरावा त्याच वर्षी फिलाडेल्फियातील एका बाल-रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात मिळाला. विषाणू वेगळा होता, अॅडिनोव्हायरस. आणि त्याच्या मागची साखळी तार्निएंच्या पेटीपर्यंत जाते. १९४०च्या दशकात पेट्यांमध्ये मुक्तहस्ते प्राणवायू सोडू लागले, आणि वाचलेली बाळे आंधळी होऊ लागली. १९४२ साली या अंधत्वाचे पहिले वर्णन आले, १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखवले, आणि काही वर्षांतच मोठ्या चाचणीने ते खरे ठरवले. तेव्हापासून प्राणवायू मोजून देतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे नेत्रतज्ज्ञ ठरावीक काळाने तपासतात. तपासणी आवश्यक आहे, ती दृष्टी वाचवते. फिलाडेल्फियात २३ बाळांना अॅडिनोव्हायरसची लागण झाली, आणि त्या सर्वांची अशी नेत्रतपासणी झालेली होती. विषाणूचे अंश तपासणीच्या उपकरणांवर, हातात धरायच्या भिंगावरसुद्धा, सापडले. बाळागणिक उपकरणे पुसली जात होतीच असे नाही, हातमोज्यांचा वापरही तुरळक होता. चार बाळे दगावली. तिथल्या लोकांनी हे लपवले नाही, सविस्तर लिहून प्रसिद्ध केले. अशा प्रामाणिकपणाची आपल्याकडे किती उदाहरणे सापडतील?

लशीची कथा येथे थोडक्यातच सांगतो. १९६६ साली अमेरिकेत फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या आर.एस.व्ही.ची लस तान्ह्या मुलांना टोचली. पुढे नैसर्गिक लागण झाली तेव्हा लस घेतलेली मुले न घेतलेल्यांहून अधिक आजारी पडली, दोन मृत्युमुखी पडली, आणि त्या धसक्याने पुढची कित्येक दशके लशीचे काम रेंगाळले. १९९८ साली दर महिन्याला टोचायचे पॅलिव्हिझुमॅब आले, ते महाग. २०२२ साली युरोपात आणि २०२३ साली अमेरिकेत एकाच मात्रेत हंगाम निभावणाऱ्या निर्सेव्हिमॅबला मान्यता मिळाली, आणि २०२३ मध्येच गरोदर आईला द्यायची लसही आली. या शेवटच्या लशीत आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाला पोचवायची हीच कल्पना आहे. पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुले २०१९ साली आर.एस.व्ही.मुळे गेली असा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली, पुष्कळशी रुग्णालयापर्यंत न पोचलेली.

आता आईकडे परत यावे लागेल, कारण काचेपलीकडे आपण तिला उभी करून आलो आहोत. १९७० साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी आयांना अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात हात धुऊन, झगा घालून येऊ दिले. त्यांना बाळाला स्पर्श करू दिला. संसर्ग वाढला नाही. शंभर वर्षांच्या दंडकाला जो आधार होता तो तपासायला एवढेच पुरले, पण तपासावे असे कोणाला वाटले नव्हते. त्यानंतरचे पाऊल अधिक मोठे होते, आणि ते श्रीमंत देशात पडले नाही. कोलंबियाच्या बोगोटा शहरात एका गर्दीने भरलेल्या सरकारी प्रसूतिगृहात पेट्या अपुऱ्या होत्या, एकाच पेटीत अनेक बाळे ठेवावी लागत, आणि संसर्गाने ती मरत. १९७८ साली एदगार रेय सानाब्रिया आणि पाठोपाठ हेक्तोर मार्तिनेस यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. पेटीची ऊब आईच्या अंगातून मिळाली आणि शेजारच्या बाळाचा संसर्ग टळला. कांगारूवरून या पद्धतीला नाव मिळाले.

तरीही कितीतरी वर्षे ही पद्धत ‘बाळ स्थिरावल्यावर’ वापरायची समजत. जे बाळ सर्वांत अशक्त आहे ते कक्षात, काचेआड, आई बाहेर. या शेवटच्या भिंतीची परीक्षा जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीने केली. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत. भारतातले केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतली ३२११ बाळे. निम्म्यांना जन्मानंतर लगेच आईच्या किंवा घरच्या दुसऱ्या बाईच्या छातीवर ठेवले, आणि त्यासाठी आईची खाटच नवजात अतिदक्षता कक्षात आणून टाकली. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के, लगेच कुशीत दिलेल्यांत १२ टक्के. संसर्गाची शंका यावी अशा आजाराचे प्रमाणही कुशीतल्या बाळांत कमी. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण उरलेल्या बाळांना आईपासून दूर ठेवणे आता न्याय्य राहिले नव्हते.

या चाचणीत नवी बाळे घेणे जानेवारी २०२० मध्ये थांबले. त्यानंतर काही आठवड्यांतच कोव्हिड आला, आणि जगभरच्या असंख्य रुग्णालयांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर आईला पुन्हा बाहेर काढले. बाधित आईचे मूल जन्मताच वेगळे. बाधित नसलेल्या आईलाही कित्येक ठिकाणी कक्षात मज्जाव. भीती खरी होती, विषाणू नवा होता, आणि घाबरलेले रुग्णालय जुन्या सोवळ्याकडेच वळते. २०२१ मध्ये हिशेब मांडला गेला. कांगारू पद्धत सर्वत्र पुरेपूर वापरली तर सव्वा लाखाहून अधिक बालके वाचू शकतात. आईकडून मिळालेल्या कोव्हिडने दगावणाऱ्या नवजातांची संख्या दोन हजारांहूनही कमी. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा होता की आई बाधित असली तरी बाळ तिच्याजवळच राहू द्यावे. तिने हात धुवावेत, मुखपट्टी बांधावी, आणि बाळाला कुशीत घ्यावे.